नोंदीला कुलूप कोण लावतो? कोयनेच्या खोऱ्यातील सातबाऱ्याची गोष्ट

कार्यालयातील संगणकावर एखादी नोंद दुरुस्त करायला घ्यावी आणि पडद्यावर उत्तर यावे: ही नोंद सध्या दुसऱ्या वापरकर्त्याकडे उघडी आहे, बदल करता येणार नाही. किंवा त्याहून त्रासदायक उत्तर: आपणांस बदलाचा अधिकार नाही. पहिल्या उत्तरावर माणूस चहा पिऊन येतो, दुसऱ्यावर साहेबांकडे जातो. मोठमोठ्या कंपन्यांची हिशेबप्रणाली वापरणाऱ्यांना हे दोन्ही अनुभव रोजचे आहेत, आणि हा प्रश्न संगणकानेच जन्माला घातला असा समजही सार्वत्रिक आहे.

तो समज खरा नाही. एकाच नोंदीवर दोन हात पडले तर काय करायचे, बदल कोणी करायचा, कोणी मंजूर करायचा आणि तोवर ती नोंद कोणत्या अवस्थेत ठेवायची, या प्रश्नांवर महाराष्ट्राच्या महसूल दप्तराने शतकाहून अधिक काळ डोके खपवले आहे. त्यातून निघालेली उत्तरे बरीच हुशारीची होती. ती कुठे तोकडी पडली हे पाहायचे असेल तर साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, कोयनानगरच्या परिसरात जावे लागते. हा धागा त्याविषयी.

आधी तांत्रिक बाजू थोडक्यात. समजा, कराडच्या एका गोदामात साखरेची १०० पोती आहेत. दोन कारकुनांनी एकाच वेळी ती नोंद उघडली. दोघांनाही १०० दिसले. एकाने ३० पोती रवाना करून ७० लिहिले. दुसऱ्याने २० रवाना करून ८० लिहिले. ज्याने शेवटी जतन केले त्याचा आकडा राहिला. गोदामात पोती ५०, संगणकात ८०. कोणी चोरी केली नाही, कोणी चुकीची बेरीज केली नाही. तरी हिशेब खोटा झाला. म्हणून पहिल्याने नोंद उघडताच ती दुसऱ्यासाठी बंद करायची, त्याचे काम संपले की मोकळी करायची. यालाच लॉक म्हणतात.

या कल्पनेला शिस्तबद्ध सैद्धांतिक रूप मिळाले ते १९७६ साली, आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत. कपाली एस्वरन, जिम ग्रे, रेमंड लोरी आणि आयर्विंग ट्रेगर या चौघांचा त्या वर्षीचा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्याचा गाभा साध्या शब्दांत असा: कुलपे लावत जाण्याचा एक टप्पा असावा, सोडत जाण्याचा दुसरा, एकदा सोडायला सुरुवात केली की नवे लावू नये. १९७६ हे वर्ष ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे, निव्वळ योगायोगाने.

लॉक आणि अधिकार या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक सांगतो, आत्ता पाळी कोणाची. अधिकार सांगतो, मुळात हात लावायचा कोणी. आणि तिसरा एक प्रकार आहे, जो सर्वांत जास्त छळतो: कुलूप लावणारा निघून गेला, त्याचा संगणक बंद पडला, पण कुलूप तसेच राहिले. ते कोणासाठी लावले होते हे आता कोणालाच ठाऊक नाही. कोयनेच्या खोऱ्यात हे तिन्ही प्रकार कागदावर घडले.

मराठा अमदानीत गावाची नोंद कुलकर्ण्याच्या हाती असे. दप्तराचे रुमाल त्याच्याच घरी, वाड्याच्या माळ्यावर नाहीतर देवघराशेजारच्या कोनाड्यात. आजच्या भाषेत बदलाचा अधिकार वंशपरंपरागत होता, बापाकडून मुलाकडे जाणारा. परंतु त्याला एकट्याला नोंद फिरवता येऊ नये याची तजवीजही होती. कुलकर्ण्याने लिहायचे, पाटलाने नांगराची निशाणी करायची. गावच्या वर परगण्याला देशपांड्यांचे वेगळे दप्तर. वतनाचा वाद निघाला तर गोतसभा बसे, महजर होई आणि त्यावर बलुतेदारांपर्यंत साऱ्यांच्या निशाण्या पडत. सुतार आपला वाकस-किकरे काढी, चांभार आपले हत्यार. लिहिता न येणाऱ्या माणसालाही नोंद थांबवण्याचा हक्क होता, ही बाब सहसा नजरेआड होते.

अर्थात ही व्यवस्था निर्दोष नव्हती. वतनाच्या भांडणांत प्रतिपक्षाचा कागद बनावट असल्याचा आरोप इतक्या वेळा भेटतो की तो वादाचा ठराविक डावच वाटावा. पण बनावट करणाऱ्यालाही पाटील, देशपांडे आणि साक्षीदार अशा अनेक जागी हात फिरवावा लागे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्याआधीच, १८३५ पासून, इंदापुराहून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणीपद्धती पसरू लागली होती. शेताला क्रमांक मिळाला, हद्दीला दगड मिळाले, सारा ठरला. मात्र या दप्तराला एकच प्रश्न पडे: सारा कोण भरणार? खातेदाराचे नाव पुरेसे होते. गहाण कोणाकडे, वाटणी कशी झाली, भाऊ कोण, कूळ कोण, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. त्यामुळे नोंद जुनी राही आणि जमीन मात्र हातोहात फिरे.

ही फट बुजवण्यासाठी १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत मिळवला गेला. पुढे अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबांचे नमुने क्रमवार बसवले. आजचा सातबारा म्हणजे त्यातील सातवा आणि बारावा नमुना: सातव्यात हक्क, बाराव्यात पीक. या जोडगोळीची कीर्ती एवढी की सहावा नमुना झाकला गेला. वास्तविक सारी अक्कल सहाव्यात आहे. तो म्हणजे फेरफार नोंदवही.

सहाव्या नमुन्याचा नियम असा की सातव्यातील नाव थेट बदलायचे नाही. खरेदी झाली, वारस लागले, वाटप झाले, तर आधी फेरफार नोंदवहीत नवी क्रमांकित नोंद धरायची. तिची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी मुदत ठेवायची. आज ती १५ दिवसांची आहे. हरकत आली तर प्रकरण ‘सहा-अ’ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते, नाही आली तर वरचा अधिकारी प्रमाणित करतो. लिहिणारा तलाठी आणि मंजूर करणारा मंडळ अधिकारी, ही दोन माणसे मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. जुनी नोंद खोडली तरी तिचा फेरफार क्रमांक मागे उरतोच. कोणत्याही सातबाऱ्यावर नावाखाली कंसात वा वर्तुळात जे आकडे दिसतात, ते हेच.

यातील सर्वांत सुंदर भाग पेन्सिलीचा. फेरफार धरल्यावर तलाठी सातबाऱ्यावर ती नोंद पेन्सिलीने करी. प्रमाणित झाली की शाईने गिरवी, रद्द झाली की खोडरबर. म्हणजे उतारा पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळे की इथे काहीतरी चालू आहे, अजून पक्के नाही, व्यवहार जपून करावा. संगणकशास्त्र ज्याला अपूर्ण व्यवहार म्हणते त्याची निशाणी गावच्या तलाठ्याकडे चार आण्याच्या पेन्सिलीत होती.

या पद्धतीचे वैगुण्य दुसरीकडे होते. सातबाऱ्याच्या वह्या ठराविक वर्षांनी, साधारण दर दहा वर्षांनी, नव्याने लिहिल्या जात. या पुनर्लेखनात एखादे नाव गळे, क्षेत्राचा गुंठा इकडचा तिकडे होई, ‘इतर हक्क’ या रकान्यातील जुनी ओळ उतरवायची राहून जाई. कधी उलटही होई: कर्ज फिटलेले असूनही बोजा वहीमागून वहीत उतरत राही. फेरफारावर पहारा कडक होता, नकलेवर तेवढा नव्हता.

कोयना इथे प्रवेश करते. १९५० च्या दशकात हेळवाकजवळ धरणाचे काम सुरू झाले. सुमारे १०३ मीटर उंचीच्या या भिंतीमागे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पाणी साठू लागले आणि पाटण, जावळी व महाबळेश्वर या तालुक्यांतील गावे शिवसागराखाली गेली. जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याला मोबदला ठाऊक होता, पुनर्वसन हा शब्द ठाऊक नव्हता. मोबदला कोणाला? ज्याचे नाव दप्तरी त्याला.

आता काळ पाहावा. त्याच वर्षांत मुंबई इलाख्याचा कूळकायदा लागू होत होता. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. म्हणजे एका बाजूने कूळकायदा सातबाऱ्यावर मालक बदलू पाहत होता, दुसऱ्या बाजूने भूसंपादन त्याच सातबाऱ्यावर सरकारचे नाव चढवू पाहत होते. एकाच नोंदीवर दोन हात, आणि दोघांनाही कायद्याचा पाठिंबा. अशा वेळी कोणता हात आधी पोहोचला यावर घराण्याचे भवितव्य ठरते. गोदामातील साखरेच्या पोत्यांचाच हा प्रकार, फक्त पोत्यांच्या जागी पिढ्यान्‌पिढ्यांची भातखाचरे.

दुसरी अडचण एकत्र कुटुंबाची. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा मारून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावण्याची वहिवाट सर्वत्र होती: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. गावात असेतोवर त्याने फारसे बिघडत नसे, कारण कोणाचा हिस्सा किती हे गावाला तोंडपाठ असे. गाव पाण्याखाली जाते तेव्हा कागद उरतो आणि तोंडपाठ असलेले विखुरते. कोयनेचे विस्थापित सातारा जिल्ह्यात, सांगली-सोलापुराकडे, तसेच घाट उतरून रत्नागिरी, कुलाबा व ठाणे या जिल्ह्यांत गेले. चार भावांपैकी तीन भाऊ दप्तराच्या दृष्टीने कधी नव्हतेच.

आणि ही चूक दुरुस्त करायची कुठे? एरवी माणूस मेला की वारस तलाठ्याकडे जातात, ‘सहा-क’ या वारस नोंदवहीत नाव लागते, फेरफार होतो. इथे मात्र संपादित झालेल्या सातबाऱ्यावर मालक म्हणून शासनाचे नाव चढले होते. वारस लावायला मूळ मालकाचा हक्कच त्या पानावर उरला नव्हता. नोंद वाचता येत होती, तिच्याच आधारावर पर्यायी जमिनीचा दावा सांगायचा होता, पण तिच्यात बदल करता येत नव्हता. जतन केलेली, पण कायमची बंद केलेली नोंद. हेच त्या खोऱ्यातील पहिले मोठे कुलूप, आणि ते कोणी दुष्टपणाने लावले नव्हते. ते निव्वळ नियमाप्रमाणे लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. त्या भूकंपावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे त्याचा विस्तार नको. एवढेच नोंदवावे की आज ज्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सातबारा चालतो ती त्याआधी चारच महिने, १५ ऑगस्ट १९६७ पासून, लागू झाली होती. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये आणि महसुली पाटीलकी १९६३ मध्ये संपली होती. घरातील रुमाल जाऊन सज्जातील तलाठी आला होता, बदली होणारा, पगारी. खोऱ्यातील माणसांना नवे गाव, नवा कायदा आणि नवा लेखक, तिन्ही एका दशकात मिळाले.

मग येते ते १९७६. महाराष्ट्राने प्रकल्पविस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे १९८६ चा आणि १९९९ चा कायदा त्याच्या जागी आला. कल्पना न्यायाची होती: ज्यांची जमीन धरणात जाते त्यांना, ज्यांच्या शेतात धरणाचे पाणी येते त्यांच्या जादा जमिनीतून वाटा द्यावा. पण धरणाची चाहूल लागताच लाभक्षेत्रातील मोठा जमीनदार जमीन मुलाबाळांच्या नावे वाटून टाकेल, विकून टाकेल, मग घ्यायचे काय? म्हणून अधिसूचना निघताच त्या क्षेत्रातील हस्तांतर आणि वाटप परवानगीशिवाय बंद, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात शेरा: पुनर्वसनासाठी राखीव.

हा अगदी शास्त्रशुद्ध लॉक होता. मोजणी होऊन जादा जमीन ठरेपर्यंत कोणी नोंद हलवू नये, एवढाच त्याचा हेतू. दोष असा की लॉक लावण्याची पायरी ठसठशीत होती, सोडण्याची नव्हती. अधिसूचना एका तारखेला निघते आणि एका झटक्यात शेकडो सातबाऱ्यांवर शेरे पडतात. काम संपले हे कोणत्या तारखेला ठरवायचे? शेवटच्या विस्थापिताला जमीन मिळाल्यावर? मग तो दिवस उगवतच नाही. परिणामी राज्यात अनेक ठिकाणी दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावरही हा शेरा वर्षानुवर्षे राहिला. त्याची जमीन कोणी घेणार नव्हते, पण त्यालाही ती परवानगीवाचून विकता येत नव्हती. ‘शेरा कमी करणे’ हा शब्दप्रयोग महसूल कचेऱ्यांत रूढ झाला तो यातूनच.

कोयनेच्या बाबतीत याला एक कडवट वळण आहे. कोयना मुख्यतः विजेसाठी बांधली. तिचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज करून वाशिष्ठीला मिळते. मागे लाभक्षेत्र असे फारसे नाहीच, ज्यातून जमीन काढून द्यावी. पूर्वेकडे कृष्णेत सोडलेल्या पाण्यावर सांगलीकडच्या ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना पुढे उभ्या राहिल्या, पण तोवर कोयनेची गावे उठून कित्येक वर्षे लोटली होती. ज्यांच्यासाठी असे कायदे हवेत हे कोयनेने शिकवले, ते कोयनेचे लोक कायद्याच्या आधीचे ठरले.

ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांच्याही उताऱ्यावर कुलूप होतेच. शासनाने दिलेली जमीन भोगवटादार वर्ग-२, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. विस्थापिताची जमीन दलालांनी कवडीमोलाने लाटू नये, हा हेतू. हेतू योग्य होता असेच म्हणावे लागेल, कारण अशी लूट हे काल्पनिक भय नव्हते. पण ज्या बापाला मुलीच्या आजारपणासाठी अर्धा एकर काढायचा आहे त्याला हेतू विचारून उपयोग नाही.

जे धरणाच्या वर डोंगरात राहिले त्यांच्यावर तिसरे कुलूप पडले. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, पुढे २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सामावले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २० सांगते की अभयारण्याची अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीत जमिनीवर नवा हक्क निर्माण होणार नाही, अपवाद फक्त वारसाहक्काचा. म्हणजे नोंद पूर्ण बंद नाही, एका प्रकारच्या बदलाला खिडकी उघडी आहे: बाप जाईल, मुलगा लागेल. विकत घेणारा लागणार नाही. प्रणालीच्या भाषेत इतका नेमका निर्बंध कोणा अभियंत्यानेही लिहिला नसता.

एकविसाव्या शतकात सातबारा संगणकावर आला. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने २००० च्या सुमारास हस्तलिखित उतारा बंद केला, नोंद करणाऱ्याच्या बोटाचा ठसा घेतला आणि अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे बंधन घातले. या शेवटच्या नियमाचे महत्त्व कमी लेखू नये. ‘तुमची फाइल जरा पुढे घेतो’ या वाक्यावर किती घरे चालत होती, हे ज्याने तालुक्याची कचेरी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

महाराष्ट्रात ई-फेरफार आली. आधी हस्तलिखित वह्यांतील मजकूर संगणकात भरला गेला आणि दहा-दहा वर्षांच्या पुनर्लेखनात साचलेल्या साऱ्या चुका एकदम उघड्यावर आल्या. क्षेत्राची बेरीज जुळेना, संगणक मात्र बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ देईना. हस्तलिखिताला गुंठ्याची चूक चालत होती, यंत्राला चालेना. दुरुस्तीसाठी ‘एडिट’ आणि मग ‘री-एडिट’ अशा सुविधा काढाव्या लागल्या. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले: संगणकातील उतारे गावासमोर मोठ्याने वाचायचे, लोकांनी चुका सांगायच्या. गोतसभेची ही दूरची नातच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

दुरुस्तीचे दार उघडे ठेवायचे किती, हा पेच इथे खरा कळतो. ते सताड उघडे ठेवले तर कोणीही रात्रीतून मालक बदलेल. घट्ट लावले तर टंकलेखनात ‘पाटील’चा ‘पाटिल’ झालेला माणूस कर्जाला मुकेल. आज पर्याय आहे तो संहितेच्या कलम १५५ चा: लेखनप्रमाद, किंवा संबंधितांनी मान्य केलेली चूक, तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त होते. मालकी कोणाची हा वाद तिथे सुटत नाही आणि सुटू नये. अनेक अर्ज फेटाळले जातात ते याच गल्लतीने: अर्जदार हक्क मागतो, कलम अक्षर दुरुस्त करते.

पेन्सिल मात्र गेली नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचे रूप बदलले तेव्हा उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक’ असे रकाने आले. प्रलंबित या शब्दापुढे ‘नाही’ लिहिलेले असेल तर नोंद मोकळी. क्रमांक असेल तर कोणाचा तरी हात तिच्यावर आहे. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर त्या फेरफाराची नोटीस आणि हरकतीची मुदत घरबसल्या पाहता येते. तलाठ्याचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, पण लिहिणारा वेगळा आणि प्रमाणित करणारा वेगळा ही १९०३ पासूनची वाटणी डिजिटल स्वाक्षरीतही तशीच आहे.

म्हणून उताऱ्यात बदल अडला की आधी विचारावे, कुलूप कोणत्या जातीचे आहे. प्रलंबित फेरफार असेल तर तो पाळीचा प्रश्न: नोटिशीची मुदत संपू द्यावी, हरकत असेल तर मंडळ अधिकाऱ्यापुढे म्हणणे मांडावे. ‘इतर हक्क’ रकान्यात शेरा असेल तर त्याच्या शेजारचा फेरफार क्रमांक टिपावा आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढावी. नकलेत कोणत्या आदेशाने हा शेरा पडला ते असते, आणि ज्या पातळीवरून तो लागला, साधारणपणे तिथूनच तो उतरतो. पुनर्वसनाचा शेरा तलाठी काढू शकत नाही, कितीही भला असला तरी. तो जिल्हाधिकाऱ्यांकडचा विषय. बँकेचा बोजा बँकेच्या पत्राशिवाय उतरत नाही. आणि नकलेत आदेशाचा उल्लेखच सापडला नाही, तर शक्यता अशी की पुनर्लेखनात एका गटाची ओळ दुसऱ्या गटावर उतरली. तिथे कलम १५५ कामाचे. प्रमाणित फेरफारच मुळात अमान्य असेल तर कलम २४७ खाली प्रांताकडे अपील. तलाठ्याच्या टेबलावर तासन्‌तास वाद घालणारे बहुतेक लोक चुकीच्या कुलपाला चुकीची किल्ली लावत असतात, आणि कचेरीही त्यांना तसे सांगत नाही.

कोयनेच्या विस्थापितांजवळ मात्र यातली एकही किल्ली नव्हती, कारण त्यांचा सातबाराच पाण्याखालच्या गावाचा. त्यांच्यासाठी दप्तराला निराळी वाट काढावी लागली: संकलन. कोणत्या गावातून कोणता खातेदार उठला, त्याचे किती क्षेत्र गेले, त्याला कुठे काय मिळाले, त्याचे आजचे वारस कोण, याची नव्याने बांधलेली यादी. बंद पडलेल्या नोंदीला हात न लावता तिच्या शेजारी दुसरी नोंदवही उघडायची. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली, डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने, धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले तेव्हा जमिनीच्या मागणीबरोबर हा याद्यांचा प्रश्नही ऐरणीवर होता. धरणाला तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

यादी करायची तर पुरावे लागतात: संपादनाच्या वेळचा निवाडा, मोबदल्याची पावती, जुन्या शाळेचा दाखला, कोणा आजीच्या ट्रंकेत घडी पडलेला उतारा. उताऱ्यावर एकट्या थोरल्याचे नाव असते. धाकट्यांच्या नातवंडांना आधी हे सिद्ध करावे लागते की त्यांचा आजोबा त्या थोरल्याचा भाऊ होता. गावात हे सांगायला पाटील होता, बलुतेदार होते, निशाणी करणारी माणसे होती. आता त्या घराचा एक फाटा सोलापूरकडे आहे, एक रायगडात, एक अजून पाटण तालुक्यातच, आणि तीन जिल्ह्यांतील तीन तहसीलदारांकडून दाखले गोळा झाल्यावर यादीतील एक ओळ भरते.